जेवणाआधीची डबी

आजार आम्हा दोघांना एकाच दिवशी सापडला. अमरावतीत घराजवळच्या डॉक्टरांकडे मी बायकोला दाखवायला नेलं होतं. आलाच आहात तर तुमचंही रक्त देऊन जा, म्हणाले, आणि दोघंही मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघालो. गोळी एवढ्यात नको. भात कमी करा, चाला, आणि जेवणाच्या अर्धा तास आधी थोडे बदाम खात जा, म्हणजे जेवल्यावर साखर एकदम चढत नाही.

बायको घरी शिलाईकाम करते. गिऱ्हाइकाचा ब्लाउज असावा तसं तिनं हे काम अंगावर घेतलं. बदाम भिजवायचे, सोलायचे, दुपारचे माझे स्टीलच्या डबीत भरायचे. मी अकोल्याच्या एका कचेरीत कारकून, रोजचं अपडाऊन. मी चपला घालत असताना ती डबी पिशवीत टाकायची. "जेवनाच्या आधी खाजा बरं. जेवनासंग नाही."

आता आमच्या कचेरीत दुपारी टेबलावर पेपर अंथरून सगळे डबे एकत्र उघडतात. कुणाची भाजी कुणाच्या पोळीवर, हे विचारायची पद्धत नाही. अशा ठिकाणी अर्धा तास आधी एकट्यानं डबी उघडणं म्हणजे चोरी. पहिल्याच दिवशी शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "काय हो भाऊ, एकटेच? वयनीनं काय देल्लं, दाखवा तं!" समोर माणूस असताना तोंडात घास टाकायची आमची रीत नाही. मी डबी पुढे केली. चार हात आले आणि डबी रिकामी झाली.

तेव्हाच सांगायला हवं होतं की बाबांनो, हे औषध आहे. मला लाज वाटली. आजारी म्हणून कुणी हळहळलेलं मला खपत नाही. "डोकं चालावं म्हणून खातो," असं ठोकून दिलं. दुसऱ्या दिवसापासून ते डबीची वाटच पाहू लागले, आणि खरं सांगतो, मला ते आवडू लागलं. परतफेड म्हणून कुणीतरी आलुबोंडे मागवायचं. तेही मी खायचो.

संध्याकाळी बायको विचारायची, "खाल्ले?"

"खाल्ले."

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. तिची साखर उतरली होती, माझी चढली होती. ती रिपोर्टाकडे बघतच राहिली. "तुमी तं रोज खाऊन राहिले. मंग कावून वाढली?" मग स्वतःच उत्तर शोधलं. माणूस धकाधकीत, रोजचा प्रवास, तेवढ्यानं भागत नसेल. "मायी तं उतरली. आता माया वाट्याचेबी तुमीच खा."

माझ्या जिभेवर खरं आलं होतं. मी "बरं" म्हणालो.

डबी मोठी झाली. आता आपण खायचेच असं ठरवून मी निघायचो, आणि अकोला येईपर्यंत तो निर्धार टिकायचा. टेबलावर आरडाओरड झाली, "आज तं बदामाचं प्रमोशन झालं!" मी हसलो आणि डबी पुढे केली. मला दोन-चार उरायचे. इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुढच्या खेपेला माझा रिपोर्ट होता तिथंच राहिला, तिचा उंबरठा ओलांडून गेला. डॉक्टरांनी तिच्यासाठी गोळी लिहिली. लिहिता लिहिता विचारलं, "बदाम बंद केले होते का?" तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. "नाही जी, खातो ना," ती म्हणाली. डॉक्टर म्हणाले की एकट्या बदामानं काही ठरत नाही, खाणं, बसून काम, वय, सगळंच असतं. ते मला धीर देत नव्हते, तिला देत होते. तरी मी त्या वाक्याला धरून पायऱ्या उतरलो.

बाहेर औषधाच्या दुकानापाशी तिनं गोळ्यांची चिठ्ठी पुढे केली आणि मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. ते चार हात, डोकं चालावं म्हणून मारलेली थाप, आलुबोंडे, रोजचं "खाल्ले". ती चिडेल, निदान रस्त्यात तोंड फिरवेल, असं वाटलं होतं. ती मान खाली घालून रक्त काढलेल्या बोटावरचा कापूस दाबत राहिली.

"पह्यलेच सांगाचं ना जी," ती म्हणाली. "मी सगळ्याइचे भिजू घातले असते."