मागच्या सीटवरचा माणूस

चंद्रपूरच्या शोरूममध्ये मोटारसायकल चालवून बघायला दिली, की गिऱ्हाइकाच्या मागे एक पन्नाशीचा माणूस बसे. दोन्ही पाय एका बाजूला टाकून, लुगड्यातल्या बाईसारखा, मांडीवर पिशवी घेऊन. लोक हसत. तो म्हणे, “हासा. मागच्याले कसं वाटते, ते मीच सांगन ना भाऊ!”

गाडीसाठी कितीतरी वर्षांपूर्वी लावलेला आमचा नंबर आल्याचं पत्र आलं, तेव्हा बायको जाऊन तीन महिने झाले होते. मी पोंभुर्ण्याच्या शाळेतून सुटी घेऊन नंबर रद्द करायला गेलो होतो. पण त्या माणसाने गाडी पुढ्यात आणून उभी केली आणि मला नाही म्हणवेना.

बल्लारपूर रस्त्यावर मागच्याला धक्का बसू नये म्हणून प्रत्येक खड्ड्याआधी मी वेग कमी करत होतो. मागून तो हसला. “गुरुजी, बाईलेच आनाचं होतं ना सोबत. मी कायले पाह्यजे होतो?”

“ती गेली. तिच्यासाठीच नंबर लावला होता.”

माझ्या खांद्यावरचा त्याचा हात तसाच राहिला. पुढचा खड्डा गेल्यावर तो म्हणाला, “थांबवा.”

गिऱ्हाइकाला एकटं सोडायची त्याला परवानगी नव्हती. तरी तो उतरला. मागच्या सीटवरची धूळ त्याने रुमालाने पुसली.

“गाडी घ्या, नाई तं नका घेऊ. पन आज बाईले फिरवून आना. मी इथीच हावो.”

मी परतलो, तेव्हा तो उन्हात तसाच उभा होता.

“कुठवर जाऊन आले दोघं?”

“पुलापर्यंत,” मी म्हणालो.

नंबर मी रद्द केला नाही.