बाबांचं नाक

गेमसाठी थ्रीडी माणसं घडवायला शिकतेय. पहिला सराव स्वतःच्याच चेहऱ्याचा. मातीसारखा दाबून, ओढून केलेला तो चेहरा आज स्क्रीनवर गोल फिरत होता आणि मी खुशीत होते. चहा घेऊन आलेली आई मागे थबकली.

“छान आहे गं. कोण ही?”

“मीच की!”

ती वाकून बघत राहिली. “मग बाबांचं नाक कुठं ठेवलंस?”

थोडंसंच बारीक केलं होतं मी, कुणाला कळतंय म्हणून. बाबा गेल्यापासून ते घरात एवढ्याच जागी उरलेत, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. केलेले बदल मी एकेक करून मागे घेतले. नाक हळूहळू पुन्हा रुंद झालं.

“आले बघ,” आई म्हणाली.

मला मात्र वळून तिच्याकडे बघवेना.