चिठ्ठीवाल्याचा हात

माझा धाकटा भाऊ लाँड्रीत कपड्यांना नंबरच्या चिठ्ठ्या लावतो. मिसरूड फुटल्यापासून तेच काम. एरवी भोळसट, पण चिठ्ठ्या लावण्यात त्याचा हात धरणारं कोणी नाही.

त्याची लेक चालताना सारखी अडखळू लागली. पायांतलं बळच चाललं होतं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं.

"पेशीत अमिनो आम्लं जोडून प्रथिनं बनतात. आम्ल वाहून न्यायला ट्रान्सफर आरएनए नावाचे हमाल असतात. कुठल्या हमालाकडे कुठलं आम्ल द्यायचं, हे एन्झाइमं ठरवतात. पुढे आम्ल कुणीच तपासत नाही, फक्त हमाल बघतात. हिचं त्यातलं एक एन्झाइम बिघडलंय."

मला काडीचं कळलं नाही. हा मात्र बाहेर येताच म्हणाला, "ताई, आमच्यासारखंच की! पॅकिंगवाला कापड कुठे बघतो? नंबर बघतो. पोरीच्या अंगात चुकीच्या चिठ्ठ्या लागतायत."

तेव्हापासून त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. लावलेली चिठ्ठी काढायचा, बघायचा, परत लावायचा. व्हायचं तेच झालं. हॉटेलातल्या वाढप्याचा कोट बँकेच्या साहेबांकडे गेला, इस्त्री अगदी कडक. मालक वाट्टेल ते बोलला. ह्याचं आपलं एकच, "ताई, पोरीला माझ्यामुळे तर नाही ना झालं?" मला त्याचा राग आला आणि कीवही.

पुढच्या खेपेला लेकही बरोबर होती. त्याने डॉक्टरीणबाईंना कोटाची गोष्ट सांगितली.

"नाही हो, आम्ल आणि हमाल यांच्या जोड्या बरोबर लागतात," त्या म्हणाल्या. "हिचं एन्झाइम हमालाला धरूनच ठेवतं, सोडत नाही. मग हमाल कमी पडतात. पायांपर्यंतच्या लांब नसांना ते आधी जाणवतं. यात कुणाची चूक नाही."

"मग औषध?"

"अजून निघालेलं नाही. व्यायाम करू द्या. जमेल तेवढं तिचं तिला चालू द्या."

"धरून ठेवलं तर बिघडलं कुठे?" तो जिन्यापर्यंत पुटपुटत होता. पहिल्याच पायरीवर त्याने नेहमीसारखं लेकीचं मनगट घट्ट पकडलं.

"बाबा, सोड ना. तू असं धरलंस की माझा तोलच जातो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग एकेक बोट सैल केलं. ती कठड्याला धरून, लटपटत, खाली उतरू लागली. हा वरच उभा राहिला, हात तसाच पुढे.