जेवणानंतरचं बसणं

चष्मेवाल्यांना आयुष्यात कुणी काही शिकवलं नाही, कारण त्यांनी कुणाला तशी संधीच दिली नाही. दुकानात गिऱ्हाईक "अंधुक दिसतंय" म्हणालं, तर हे म्हणायचे, "काच बरोबर आहे, तुम्हालाच बघता येत नाही." अशा माणसाच्या एकुलत्या एका लेकीनं स्पॅनिश मुलगा पसंत केला आणि उतारवयात गृहस्थ स्पॅनिश शिकायला बसले.

कशासाठी, तर एका वाक्यासाठी. मुलाची आई जेवायला येणार होती आणि जेवण झाल्यावर रीतसर मागणी घालणार होती. तेव्हा मुलीचा बाप म्हणून आपण तिच्याच भाषेत होकार द्यायचा आणि विहीणबाईंना गार करायचं, हा यांचा मनसुबा. "कोन मुचो गुस्तो", म्हणजे मोठ्या आनंदानं. न्हाणीघरात, जिन्यात, गिऱ्हाइकाचा नंबर तपासताना, यांचा गुस्तो चालूच.

बाकीचे शब्द नुसते तोंडी लावायला. चमच्याला कुचारा, सुरीला कुचियो, मिठाला साल.

"साल तर सोलायची असते," बायको म्हणाली.

"तू गप्प बस. पाहुणीसमोर तर तोंडच उघडू नकोस."

लेक बिचारी फोनवर समजवायला गेली. "बाबा, नुसते शब्द नकोत. जेवण झाल्यावर त्यांच्यात सोब्रेमेसा असते. तेव्हा कसं..."

"सोब्रे म्हणजे वर, मेसा म्हणजे टेबल. मला शिकवतेस?" यांनी फोन ठेवलासुद्धा. टेबलावरचं म्हणजे उष्टी भांडी, ती आवरायची, एवढं कळायला गुरू कशाला लागतो! अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच.

लेक पाहुणीला घेऊन आली. मोकळीढाकळी, हसरी बाई. पहिला घास तोंडात जायच्या आत चष्मेवाल्यांचा पोपट सुरू झाला. पेला, ताट, खुर्ची, दिसेल त्याला बोट लावून हा वासो, हा प्लातो, ही सिया. आपल्या घरातली खुर्ची ओळखू आली याचा एवढा अभिमान दुसऱ्या कुणाला झाला नसेल. पाहुणी मान डोलवत राहिली आणि तिचं अन्न निवत राहिलं.

"अहो," बायको शेवटी हळूच म्हणाली.

पाहुणीनं तत्परतेनं परतलेल्या लसणाची वाटी तिच्यापुढे सरकवली.

"अहो, त्यांना जेवू द्या ना."

वाटी आणखी जवळ आली. लेकीला हसू आवरेना. स्पॅनिशमध्ये लसणाला "आहो" म्हणतात आणि आई बाबांना अशीच हाक मारते, हे तिनं दोघींना सांगितलं. पाहुणी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, मग यांच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आहो?" बायकोही खळखळून हसली. मुलीचा बाप म्हणून मिरवायला बसलेला माणूस लसूण झाला. त्यातून तो शब्द यांना येत नव्हता, राग त्याचाच जास्त.

जेवणं झाली. पाहुणीनं टेबलावर कोपरं टेकली आणि खुशीत म्हणाली, "सोब्रेमेसा!"

चष्मेवाले ताडकन उठले. ताटं गोळा केली, वाट्या उचलल्या, पाहुणीच्या हातातला अर्धा भरलेला पेलासुद्धा काढून घेतला.

"बाबा, बसा हो. जेवल्यावर टेबलाशीच बसून निवांत बोलायचं, त्याला सोब्रेमेसा म्हणतात."

"पाहुण्यांना ताटकळत ठेवू नये, एवढं मला कळतं," असं म्हणून हे टॅक्सी आणायला खाली गेले. टॅक्सी लगेच मिळाली, पण ड्रायव्हरला रस्ते शिकवण्यात बराच वेळ गेला.

वर आले तर तिघी टेबलाशीच. बायकोचा हात पाहुणीच्या हातात होता. लेकीच्या मनगटात नवं कडं.

"टॅक्सी आलीय," हे म्हणाले.

"बाबा, त्यांनी मागणी घातली."

"कधी?"

"आत्ताच. आईनं खिडकीतून हाका मारल्या तुम्हाला. तुम्ही वाद घालत होता."

"मग?"

"मग आईनं हो म्हटलं."

चष्मेवाले दारातच उभे राहिले. ज्याच्यासाठी एवढी घोकंपट्टी केली ते वाक्य तोंडात तसंच राहिलं होतं आणि ते कुणाला नको होतं. जन्मात पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला.

"तिला म्हणावं, परत एकदा मागणी घाल."

हे काय म्हणताहेत, म्हणून पाहुणीनं लेकीकडे पाहिलं. लेकीनं तिला तिच्या भाषेत सांगितलं, "टॅक्सी खोळंबलीय म्हणताहेत."