वासाचा गुलाब

आमच्या फ्रिजमध्ये उन्हाळाभर श्रीखंडाचा एक जुना डबा असायचा. त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या गुलाबाच्या बिया. कोणा पाहुण्यानं श्रीखंड समजून डबा काढला की आमचे हे बाहेरच्या खोलीतून धावत येत. "अरे, ठेवा ठेवा, ते खायाचं नोहे!"

गुलाबाला बी धरतं हे लग्नाआधी मलाही ठाऊक नव्हतं. फांदी लावायची, नाहीतर दुसऱ्या खुंटावर डोळा भरून कलम करायचं, एवढंच माहीत. पण त्यातून जो होता तोच गुलाब पुन्हा मिळतो. नवा हवा असेल तर एका झाडाचे पराग दुसऱ्याच्या कळीवर लावायचे, फळ धरलं की ते महिनोन्‌महिने सांभाळायचं, बिया पेरणीपर्यंत गारव्याला ठेवायच्या. त्या फळाला हे बोंडच म्हणत. मूळचे अल्लीपूरचे, कापसाच्या शेतकऱ्याच्या घरातले, त्यामुळे जे जे फुलानंतर धरतं ते त्यांच्या लेखी बोंड.

नोकरी यांची वर्ध्याला कचेरीत, कारकुनाची. मी शाळेत मराठी शिकवायची. नालवाडीला घर बांधलं तेव्हा अंगणात पहिलं झाड लागलं ते अल्लीपूरच्या देशी गुलाबाचं. सासूबाई त्याचा गुलकंद करायच्या. फूल लहान, दुपारपर्यंत पाकळ्या गळून जायच्या, पण वास असा की देवघरात एक फूल ठेवलं तर स्वयंपाकघरात कळायचं. नंतर यांनी नर्सरीतून मोठाले हायब्रीड गुलाब आणले. रंग बघत राहावेत असे, पण नाकाशी धरलं तर कागद हुंगल्यासारखं.

"आईच्या गुलाबाचा वास या पिवळ्यात आला पाह्यजे," हे म्हणायचे. त्यासाठीच सगळा खटाटोप. थंडीत सकाळी कचेरीत जायच्या आधी पिवळ्याची अर्धवट उमललेली कळी सोलायची, आतले केसर चिमट्यानं काढायचे, देशी गुलाबाचे पराग मुलांच्या रंगपेटीतल्या ब्रशनं लावायचे आणि वर कागदी पिशवी बांधायची. बोंडं कधी गळायची, कधी वानरं न्यायची. धरलेल्या बियांतून जी रोपं आली ती एकतर काळ्या ठिपक्यांच्या रोगानं गेली, नाहीतर फुलली आणि बिनवासाची निघाली. मग ती उपटताना त्यांचं तोंड बघवायचं नाही. पण निवृत्तीनंतर तर त्यांनी सगळा दिवसच झाडांना देऊन टाकला.

नाक मात्र यांचं जबर. फाटकातून आत येता येता सांगायचे, "वरणाले जिऱ्याची फोडणी दिली आज, मोहरी नाई." दूध करपायच्या आधी त्यांना कळायचं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, ऐन एप्रिलात, यांना ताप आला. मागच्या खोलीत वेगळे राहिले. मी खिडकीत ताट ठेवायची आणि बाजूला व्हायची. त्या वर्षी पिवळ्यावर बोंडं चांगली धरली होती. आतून खोकत खोकत विचारायचे, "बोंडं नारंगी झाली का?"

"होऊन राह्यली," मी सांगायची. "तुम्ही झोपा."

"उन्हानं वायतील. पोतं ओलं करून टाक वरून."

मीच बोंडं तोडली, मीच चिरून बिया धुतल्या, डब्यात ठेवल्या. खिडकीतून डबा दाखवला तेव्हा त्यांनी दोन्ही हात जोडले. मला हसू आलं आणि रडूही.

ताप उतरला, खोलीतून बाहेर आले. त्या दिवशी माझं दूध करपलं. सगळ्या घरात धूर झाला आणि हे दाराजवळच्या खुर्चीवर शांत बसलेले. मी बघतच राहिले.

"काऊन पाहून राह्यली अशी?"

"दूध जळलं ना. तुम्हाला वास नाही आला?"

ते उठले, हळूहळू अंगणात गेले. देशी गुलाबाचं एक फूल उन्हानं कोमेजलेलं होतं. ते तोडून हातात चुरगाळलं, नाकाशी धरलं. बराच वेळ धरून ठेवलं.

"मले काहीच येत नाई वं," म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, येईल परत, वाट बघा. लवंगा, कापूर, निलगिरीचं तेल रोज हुंगायला सांगितलं. यांनी नेमानं हुंगलं. शेजारच्या वहिनींनाही वास येईनासा झाला होता, त्यांना तो दिवाळीच्या आत परत येऊ लागला. यांना आला नाही.

थंडीच्या तोंडावर बिया पेरायच्या की नाही यावर ते काही बोलेनात. मीच डबा पुढे केला. पेरल्या. थोडीच रोपं वर आली. संक्रांतीनंतर त्यातलं एक फुललं. फिकट पिवळं फूल, कडेला गुलाबी झाक. मी सहज वाकले आणि तशीच थांबले. सासूबाईंचाच गुलाब, अगदी तोच वास, फक्त मागे लिंबाच्या सालीसारखं काहीतरी.

आत जाऊन हे त्यांना सांगावंसं वाटेना. पण न सांगून कसं चालेल? सांगितलं. ते बाहेर आले, वाकले, उभे राहिले.

"तू माह्यं मन राखाले सांगून राह्यली."

"तुमची शप्पथ."

"शप्पथ नको घेऊ."

त्यांच्या मोठ्या बहीण, ताई, आर्वीहून आल्या. त्यांना मी काही न सांगता झाडापाशी नेलं. त्या म्हणाल्या, "अगं माय! हा तं आपल्या आईचा गुलाब!" तरी यांचं आपलं एकच. "हिनंच तुले पढवलं असन."

दुसऱ्या दिवशी यांनी मला ओट्यावर खुर्चीत बसवलं आणि माझ्या डोळ्यांवर दुपट्टा बांधला. नाकाजवळ काहीतरी धरलं.

"हा?"

"नाही. बिनवासाचा आहे."

"हा?"

"काहीच नाही."

नंतर कळलं, तेव्हा हात रिकामाच होता. पुन्हा काही जवळ आलं आणि त्यांनी विचारायच्या आत मी बोलले, "हाच."

मी दुपट्टा सोडला. हे पायरीवर बसले होते, फूल हातात.

"म्हंजे आला तो," म्हणाले.

"हाव. आला."

त्यांनी मान हलवली. आम्ही दोघंही उठलो नाही. इतक्या वर्षांनी ज्याची वाट पाहिली ते आलं होतं आणि ज्यानं वाट पाहिली त्याच्यापर्यंतच ते पोचत नव्हतं. चूक कोणाची म्हणावी? मी नुसती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

पावसाळा संपल्यावर त्यांनी त्याचे डोळे भरले, कलमं केली, एक आर्वीला ताईंना दिलं. पुढच्या थंडीत ताईंचा फोन आला. "सारा ओटा घमघमून राह्यला रे!" यांनी "हाव का" म्हटलं आणि फोन माझ्या हातात दिला.

पराग लावून नवी बोंडं धरायला मात्र घेतली नाहीत. मी म्हटलं, "वास मी घेते, तुम्ही ब्रश धरा."

एक थंडी करून पाहिलं. पण पराग कोणाचे घ्यायचे ते ठरवायला हुंगावं, तर मला सगळेच वास बरे वाटायचे. त्यांनी "कसा आहे, सांग न नीट," म्हटलं की मी अडकायची. आयुष्यभर पोरांना विशेषणं शिकवली, आणि एका फुलाबद्दल माझ्याकडे गोड आणि मंद यापलीकडे शब्द नव्हते. ते रागावले नाहीत. एक दिवस ब्रश धुऊन नातीच्या रंगपेटीत ठेवून दिला.

सकाळी विचारायचे मात्र. "आज कसा आहे?"

"कालच्यापेक्षा कमी," मी म्हणायची, किंवा, "ऊन नाही अजून, थोडा जास्त आहे."

यंदाच्या थंडीत विचारणं बंद झालं. झाडाची छाटणी, पाणी, खत, सगळं अजून तेच करतात, आणि फार मनापासून करतात. मीही आपणहून काही सांगत नाही. फूल उमललं की मी जाते. ते ओट्यावर पेपर वाचत असतात. मी त्यांच्याकडे पाठ करून वाकते आणि वास घेते.