आबांनी फोटोतलं मीठ ओळखलं

घर सोडलं त्या सकाळी आबा विमानतळावर आले नाहीत. पनवेलजवळ सुकापूरला आमच्या बिल्डिंगखाली टॅक्सी उभी होती. आई डब्यात तांदळाच्या भाकऱ्या भरत होती आणि धाकटी बहीण सारिका बॅगेवर बसून तिची चेन लावत होती. आबा गॅलरीत पाठमोरे उभे. मी पाया पडले तेव्हा एवढंच म्हणाले, "जातीस तं जा. पन तिथं कोनी इचारलं बाप काय करतो, तं सांग, काय नाय करत."

आबा मिठागरवाले. उरणकडे खाडीच्या कडेला आमच्या घराण्याने तीन पिढ्या मीठ पिकवलं. मग तिथे द्रोणागिरी हे नवं उपनगर वसलं, मिठागरांवर गोदामं उभी राहिली आणि आम्ही सुकापूरच्या फ्लॅटमध्ये आलो. पन्नाशीतच आबा रिकामे झाले. जेवताना कुणी "मीठ वाढ" म्हटलं तरी त्यांचा चेहरा बदलायचा, म्हणून आईने मिठाची वाटी कायमची ताटाजवळ ठेवून दिली होती.

मला नोकरी लागली होती बल्गेरियात, काळ्या समुद्राकाठच्या पोमोरिये नावाच्या लहानशा गावात, एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात. राहायला वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. घरमालकीण स्तोयान्का, वय अडुसष्ट. पहिल्याच संध्याकाळी तिने दारात मला थांबवलं. हातात गोल पाव आणि मिठाची वाटी. पाव तोडायचा, मिठात टेकवायचा, खायचा, मग उंबरा ओलांडायचा. पाहुण्याला घरात घ्यायची तिकडची ही जुनी रीत. मला तेव्हा त्यांच्या भाषेतलं अक्षर येत नव्हतं. मी पाव खाल्ला आणि मीठ जिभेवर येताच रडायला लागले. तिला वाटलं, पाव आवडला नाही.

दुसऱ्या दिवशी ती मला गावाबाहेर घेऊन गेली आणि मी बघतच राहिले. समोर मिठागर! बांध, वाफे, उन्हात चमकणारं पाणी, पांढरे ढीग. शेजारी एक छोटं संग्रहालय, तिथे जुनी अवजारं मांडलेली. स्तोयान्का तिथे वर्षानुवर्षं लोकांना माहिती सांगायची. तिचे वडीलही याच वाफ्यांत राबलेले, त्यांचा फोटो भिंतीवर होता. शाळेची मुलं तो फोटो वहीत उतरवून घेत होती. जे काम माझ्या बापाला लपवावंसं वाटत होतं, ते इथे काचेआड जपलेलं होतं.

"तुझे वडील काय करतात?" तिने मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"मीठ पिकवतात," मी म्हणाले. पिकवायचे, असं म्हणायला जीभ वळली नाही.

तुमच्यापैकी जे बाहेर गेलात, त्यांना ठाऊक असेल, परक्या गावात एकच माणूस पुरतो. स्तोयान्काने मला त्यांची लिपी शिकवली, दही घातलेलं काकडीचं सूप शिकवलं. मे महिन्यात त्यांच्याकडे अक्षरांचा सण असतो. गावभर फुलं आणि हातात मोठाली अक्षरं घेऊन चालणारी मुलं. पाच शतकं दुसऱ्यांच्या राज्यात काढली या लोकांनी, पण भाषा, गाणी आणि मठांमधली पुस्तकं हातची जाऊ दिली नाहीत. गाव किती लहान, आणि केवढी त्यांची आठवण! मला त्यांचा हेवा वाटायचा.

तिकडे हिवाळ्यात हॉटेलं बंद असतात. दुसऱ्या वर्षी मी सुट्टीवर निघाले, तर स्तोयान्का म्हणाली, मीही येते, तुझ्या वडिलांचं मिठागर बघायचंय. आता काय करायचं? खरं सांगायचा धीर विमान उतरेपर्यंत झाला नाही. पनवेलला घरी आल्यावर सांगितलं. तिने हातातली बॅग खाली ठेवली. मग म्हणाली, "वाफे गेले. माणूस आहे ना?"

सारिका रोडपालीच्या एका शाळेत शिकवते. तिथे प्रांतोप्रांतीची कुटुंबं राहतात, म्हणून शाळेने सगळ्यांच्या संस्कृतींचा मेळावा ठेवला होता, मार्चच्या पहिल्या तारखेला. सारिकाने आमचंही टेबल मागून घेतलं. त्या दिवशी बल्गेरियात सगळे एकमेकांना लाल-पांढऱ्या दोऱ्याचे गोंडे बांधतात, वसंताच्या स्वागताला. स्तोयान्काने रात्रंदिवस खपून शंभरेक गोंडे वळले होते. नक्षीदार झगा घालून ती उभी राहिली, तेव्हा केरळच्या टेबलावरच्या बायका फेर धरूनच आल्या. तिने त्यांना हातात हात गुंफून पावलं टाकायला शिकवलं. आईसुद्धा पदर खोचून नाचली.

आबा मागच्या खुर्चीत बसून होते, आईने ओढून आणलं म्हणून. टेबलावर संग्रहालयातले फोटो होते. स्तोयान्का मुलांना सांगत होती, मी मराठीत सांगत होते. "हे माझे वडील, मीठ ओढताना."

आबा कधी उठून आले, कळलंच नाही. फोटो डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "यानं घाई केलीय. वाफा पिकला नाय अजून. बघ, तळाचं पानी चमकतंय."

तिच्या वडिलांची चूक काढलेली तिला कशी सांगायची? पण सांगावं लागलं. स्तोयान्का आधी थबकली, मग टाळी वाजवून हसली. "माझी आईही त्यांना हेच म्हणायची! कायम घाई!"

आणि मान डावी-उजवीकडे हलवत राहिली. आबांना वाटलं, तिला पटत नाही. ते इरेला पेटले. चप्पल काढून जमिनीवर टाच दाबून दाखवायला लागले. "तळपायाला कलतं. चिखल असा घट लागला पायजे. मं पानी घ्यायचं." मी म्हणाले, "आबा, त्यांच्यात हो म्हणताना मान अशी हलवतात." "मं सांगायचं ना आदी!" म्हणाले, पण थांबले नाहीत. खाडीचं पाणी कधी घ्यायचं, वाऱ्याने मिठाचा दाणा कसा बदलतो, सगळं सांगत सुटले. मुलं जमिनीवर बसली. सारिकाने माईक आणून दिला. अर्धा तास आबा बोलले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून एवढं मिठाचं बोलणं मी ऐकलं नव्हतं. एका मुलीने विचारलं, "काका, तुम्ही कोण?"

"मिठागरवाला हाय मी," आबा म्हणाले.

स्तोयान्काने त्यांच्या मनगटाला गोंडा बांधला. त्यांनी हात मागे घेतला नाही.

आता मी परत पोमोरियेत आहे. उन्हाळा आहे, वाफे भरात आलेत. पावसाची एक सर आली तरी तयार मीठ विरघळतं. आबांनी मोबाईलवर इथलं हवामान लावून घेतलंय. मी कामाला निघायच्या वेळी त्यांचा फोन येतो. माझी चौकशी नाही, काही नाही.

"सांग तुज्या बाईला, आज भरून घ्या म्हनाव. उद्या ढग हायत."

मग मी जिना उतरून स्तोयान्काकडे जाते, आणि ती तशीच स्वयंपाकाच्या एप्रनवर मिठागरातल्या कामगारांना सांगायला निघते. त्या आठ-दहा पायऱ्यांवर मी नेमकी कुठल्या घरातून कुठल्या घरात चालले आहे, ते मला सांगता येत नाही.