सासऱ्यांच्या तोंडावरचा उजेड

माझे सासरे गेल्या नोव्हेंबरात एके दिवशी सकाळी दहा ते साडेबारापर्यंत जिवंत नव्हते. त्या वेळेत ते माझ्यासमोर बसून चहा पीत होते, ही बाब वेगळी!

सदर सासरे म्हणजे सैन्यातील निवृत्त सुभेदार. पेन्शनीसाठी दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. यंदा गुडघा धरल्याने बँकेचा जिना चढवेना, आणि मुदतीचा तो अखेरचा आठवडा! परंतु हल्ली मोबाइलने चेहरा ओळखला तरी दाखला मिळतो. ते साताऱ्यास आमच्याकडेच मुक्कामी होते, आणि कचेरीबाहेर बावीस वर्षे अर्ज लिहिणारा जावई (शिक्षण नववी, अनुभव अमर्याद) घरात असता चिंता कसली?

मोबाइलने कळविले : ‘चेहरा स्पष्ट नाही.’

मी तत्काळ मुलीचा रिंग लाइट, म्हणजे कड्यासारखा गोल दिवा, काढला. ती त्यासमोर मेंदीचे व्हिडिओ करते. प्रकाश जितका जास्त, तितके सत्य उघड, या तत्त्वानुसार मी तो पूर्ण तेजाने त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर उभा केला.

“जावईबापू, डोळं गेलं माझं!”

“मामा, सरकारी काम आहे. सोसा!”

मोबाइलमध्ये मामांच्या जागी एक पांढरी वाटी दिसू लागली. मिशा तेवढ्या शिल्लक! म्हणून मी दिवा खाली पाटावर ठेवला. आता हनुवटी उजळली, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडल्या.

“आबा, लय भ्या वाटतंय तुमच्याकडं बघून,” स्वयंपाकघरातून आलेली माझी पत्नी सुनंदा म्हणाली.

मी दिवा पुन्हा समोर घेतला, तर चष्म्याच्या दोन्ही काचांत दोन कडी चमकली. चष्मा उतरवला, तर मामांना मोबाइल दिसेना! ‘डोळे मिचकावा’ अशी सूचना येताच त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून डोळे मिचकावले आणि वर सॅल्यूट ठोकला.

नकार!

अखेर मी माझे मूळ शस्त्र, कागद, उपसले. “लिहितो, मामा : ‘उपरोक्त अर्जदार हयात असून, त्याविषयी अर्जदाराच्या मनात शंका नाही...’”

“आरं, मी हितं बसलोय न्हवं! माझी काय साक्ष काढतोस?” (अहो-जाहो संपले, ही नोंद घ्यावी.)

“आवं, सरा बाजूला!” सुनंदाने दिवा दोन हात मागे नेला, डोळ्यांपेक्षा थोडा उंच केला, जरा डावीकडे वळवला, तेज निम्म्यावर आणले. मग चक्का बांधायचे धुतलेले मलमलचे फडके दुहेरी करून त्यावर सोडले. उजेड दुधासारखा मऊ झाला. मामांच्या सुरकुत्या, मिशा, कपाळावरची जुनी खूण, सारे जागच्या जागी आले!

“आबा, माझ्या आवाजाकडं बघा. आता मिचकवा.”

हिरवी खूण उमटली. सुभेदार जिवंत झाले! मामांनी बसल्या जागी मिशीला पीळ भरून जुन्या सोबत्यांना फोनवर सारी हकीकत कळवली, सुनंदाने शिरा टाकला, आणि मी विजयाच्या भरात कचेरीबाहेरील माझ्या टेबलावर पाटी लावली : ‘हयातीच्या दाखल्यासाठी चेहरा शास्त्रोक्त उजेडात आणून मिळेल.’

दुसऱ्याच दिवशी आठ निवृत्त जवान रांगेत उभे! मी आसन सावरले, घसा साफ केला, पेन उघडले.

पहिले हवालदार वाकून म्हणाले, “रामराम. वैनी कवा येणार हायत?”